हे झाड कुठलं गं?

शेजारच्या काकूंनी एक फांदी दिली, माहेरून येताना पिशवीत एक रोप आलं, आठवडी बाजारात एक कुंडी स्वस्तात मिळाली. आपली बाग अशीच तर वाढते! नाव विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘अगं, ते पिवळ्या फुलांचं.’

पण मैत्रिणींनो, पिवळी फुलं काय एकाच झाडाला येतात? फाटकाशी हौसेनं लावतात ती बिट्टी आणि टेकोमा घ्या. दोन्हींची फुलं घंटेसारखी, पिवळीधमक. टेकोमाची धास्ती नाही. बिट्टी, म्हणजेच पिवळी कण्हेर, मात्र सगळीच्या सगळी विषारी. तिचं विष हृदयावर परिणाम करतं आणि सगळ्यांत जहाल असते ती बी. नेमकी तिचीच कोनेदार हिरवी फळं मुलं खेळायला घेतात!

ओळखायचं कसं? फूल राहू द्या, पान बघा. बिट्टीची पानं लांब, अगदी अरुंद, एकेक करून फांदीभर दाट. तोडलं की पांढरा चीक येतो. टेकोमाच्या एका देठावर समोरासमोर बरीच पानं, कडा करवतीसारख्या, चीक नाही आणि शेंगा लांब, बारीक. लाल-गुलाबी कण्हेरीला एका पेरावर बहुधा तीन पानं असतात. तीही विषारीच. देवाला खुशाल वाहा, पण फुलं तोडल्यावर हात धुवा. छाटलेल्या फांद्या बंबात घालू नका, शेळीपुढे तर नकोच नको.

मुलानं काही चावलंच, तर उलटी काढण्यात, घरगुती उपायांत वेळ घालवू नका. झाडाची डहाळी पिशवीत घ्या आणि तडक दवाखाना गाठा. डॉक्टरांना नाव कळलं की उपचार लवकर ठरतात.

सगळीच गफलत काही एवढी जिवावरची नसते म्हणा. अनंत म्हणून डबल तगर कितीतरी अंगणांत सुखानं नांदते! घ्यायच्या आधी एक पान तोडा. पांढरा चीक आला तर तगर. अनंताला चीक नसतो, शिवाय त्याचं फूल शिळं झालं की पिवळट पडतं.

आता मोबाइलवर फोटो काढला की नाव सांगणारी ॲप आली आहेत. सोय छान आहे, पण नुसत्या फुलाच्या फोटोवर तीही फसतात. पानाच्या दोन्ही बाजू, पानं जिथं फुटतात ते पेर आणि असलं तर फळ, एवढं टिपा. तरी शंका उरली तर जवळच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या बाईंना डहाळीच नेऊन दाखवा. त्या शास्त्रीय नाव सांगतील, तेही लिहून घ्या. आपली नावं गावागणिक बदलतात. कळलावीला कुणी अग्निशिखा म्हणतं, कुणी खड्यानाग. तिचा कंदही विषारी, बरं का!