लायसन काढताय? आधी सरावाचा पेपर सोडवा!

शेतकरी बंधूंनो, घरी नवा ट्रॅक्टर आला की आपण नारळ फोडतो, पेढे वाटतो, विम्याचा हप्ताही भरतो. पण चालवणाऱ्या पोराजवळ लायसन आहे काय, हे कोणी विचारत नाही. विचारले तर उत्तर ठरलेले, "वावरातून घरीच तं आणते जी, लायसन कायले लागते?"

वावर आणि घर यांच्या मधे रस्ता असतो. बल्लारपूरहून राजुऱ्याकडे किंवा कोठारी-गोंडपिपरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक, एस.टी. गाड्या, बैलबंड्या आणि आपली ट्रॉली, सगळे एकत्रच धावतात. धान चुरून झाले की रात्रीही ट्रॉल्या निघतात. त्या गर्दीत लायसन नसलेला पोरगा स्टेअरिंगवर असतो.

नुकसान किती?

विनालायसन चालवल्यास कायद्याने ५,००० रुपये दंड आहे. १८ वर्षांखालील मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालक किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याहून मोठा घाव विम्याचा. अपघातात कोणी दगावले आणि मालकाने जाणूनबुजून विनालायसन माणसाच्या हाती गाडी दिल्याचे ठरले, तर न्यायालय कंपनीला भरपाई द्यायला लावते आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभाही देऊ शकते. म्हणजे हप्ते भरूनही पाळी सातबाऱ्यावर येते.

परीक्षा कशाची?

पहिली पायरी शिकाऊ लायसनची. त्यासाठी संगणकावर प्रश्नांची परीक्षा होते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत चार विषय सांगितले आहेत : वाहतुकीची चिन्हे व नियम, अपघात झाल्यास चालकाची कर्तव्ये, फाटक नसलेले रेल्वे क्रॉसिंग ओलांडताना घ्यायची काळजी, आणि जवळ ठेवायची कागदपत्रे. ६० टक्के उत्तरे बरोबर आली की पास. परीक्षा मराठीत देता येते. सुरुवातीलाच भाषा नीट निवडा. जून २०२१ पासून आधारच्या ओळखीवर ही परीक्षा घरबसल्या देण्याचीही सोय राज्यात झाली आहे.

नेमका इथेच घोळ होतो. पोरगा बाजूला बसतो आणि उत्तरे दुसराच कोणी दाबतो. लायसन हाती येते, पण लाल किनारीचा त्रिकोण कशासाठी आणि गोल कशासाठी, हे पोराला ठाऊकच नसते. त्रिकोण म्हणजे सावधानता, गोल म्हणजे पाळलाच पाहिजे असा हुकूम, चौकोन म्हणजे माहिती. एवढे तीन आकार पक्के केले तरी चिन्हांचे निम्मे ओझे उतरते.

सराव कसा करावा?

परिवहन खात्याच्या 'सारथी' संकेतस्थळावर सराव परीक्षा फुकट आहे. मोबाईलवर जमत नसेल तर ग्रामपंचायतीतल्या आपले सरकार सेवा केंद्रात विचारा. पहिला पेपर काही न वाचता सोडवा. चुकलेले प्रश्न वहीत उतरवा आणि बरोबर उत्तरासमोर त्याचे कारण लिहा. दुसऱ्या दिवशी फक्त तेवढेच प्रश्न घरातल्या कोणाला तरी तोंडी विचारायला लावा. मग नवा पेपर घ्या. सलग तीन पेपरांत एक-दोनच चुका राहिल्या की खऱ्या परीक्षेला बसा. नुसता 'अ', 'ब', 'क' पाठ करू नका; प्रश्नाची भाषा फिरली की पाठांतर फसते.

कारण समजले की उत्तर विसरत नाही. जनावर बुजेल म्हणून बैलवाल्याने हात दाखवला तर काय करायचे? गाडी थांबवायची. तसे कायद्यातच लिहिले आहे, आणि आपण बंडीवर असताना समोरच्याकडून तीच अपेक्षा करतो. फाटक नसलेल्या क्रॉसिंगवर थांबायचे आणि खाली उतरून दोन्ही बाजूंना गाडी येत नसल्याची खात्री करायची. ब्रॉडगेजवरची अशी क्रॉसिंगे जानेवारी २०१९ पर्यंत बंद झाली, तरी रूळ दिसले की थांबून पाहायची सवय कामाचीच आहे. अपघात झाला तर पळायचे नाही : जखमीला उपचार मिळवून द्यायचे, पोलिसांना २४ तासांच्या आत कळवायचे, विमा कंपनीलाही कळवायचे.

अमेरिकेत नागरिकत्वासाठीही परीक्षा असते. तिथे गेलेली आपली माणसेही ती देतात. ऑक्टोबर २०२५ पासूनच्या अर्जांसाठी १२८ प्रश्नांची यादी आधीच छापून दिली आहे. त्यातले २० विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. तिथेही ६० टक्केच! यादी उघड असूनही लोक महिनोन्‌महिने सराव करतात. आपल्या पोराने आठ दिवस काढायला काय हरकत आहे?

पास झाल्यावर

शिकाऊ लायसन सहा महिने चालते. गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' लावा आणि शेजारी लायसनवाला जाणता माणूस बसवा. ३० दिवसांनंतर पक्क्या लायसनची चाचणी देता येते. साडेसात हजार किलोपर्यंत विनाभार वजनाचा ट्रॅक्टर कायद्याने हलक्या मोटार वाहनातच मोडतो. अर्ज करताना वर्ग तपासून घ्या.

सरपंच आणि पोलीस पाटील मंडळींना एक विनंती. हंगाम सुरू होण्याआधी एका संध्याकाळी ग्रामपंचायतीत पोरांना बोलवा, चिन्हांचा तक्ता लावा आणि सरावाचा पेपर सोडवून घ्या. खर्च नाममात्र आहे. साठ टक्क्यांवर लायसन मिळते, पण उरलेले चाळीस टक्के रस्त्यावर विचारले जातात, आणि तिथे फेरपरीक्षा नसते.