बाई, माझं आंदोलन चालू आहे!

बाकावर बसून पाय हलवायची सवय तुमच्यापैकी किती जणांना आहे? बाईंनी डोळे वटारले की पाय थांबतात, आणि दोन मिनिटांत पुन्हा सुरू होतात. पुढच्या वेळी बाईंनी विचारलं, "काय चाललंय?" तर उभं राहून सांगायचं, "बाई, माझं आंदोलन चालू आहे." बाई चिडतील की हसतील याची हमी मी देत नाही. पण वाक्य चूक आहे असं मात्र त्यांना म्हणता येणार नाही.

आंदोलन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मोर्चा येतो. झेंडे, घोषणा, अडवलेला रस्ता, बातम्यांमधली आरडाओरड. या शब्दाचा मूळ अर्थ मात्र अगदी साधा आहे: झुलणं. संस्कृतात 'दोला' म्हणजे झोपाळा, आणि 'आंदोलन' म्हणजे इकडून तिकडे, तिकडून इकडे हलत राहणं. पालखीला संस्कृतात 'आंदोलिका' असंही नाव आहे, कारण भोयांच्या खांद्यांवर ती डुलत डुलत जायची. आपला हिंदोळा, डोली, वाऱ्यावर डोलणारं जोंधळ्याचं पीक, ही सगळी याच घरातली मंडळी. परीक्षेला बसावं की पोट दुखतंय म्हणावं, अशा वेळी मनाची जी 'दोलायमान' अवस्था होते, तीसुद्धा.

मग झोपाळ्यावरचा शब्द रस्त्यावर कसा आला? गप्प, निवांत असलेलं काहीतरी हलवायचं, एवढी कल्पना उचलली की झालं. माणसं गप्प बसलेली असतात, कुणीतरी त्यांना हलवतं, आणि मग गाव हलतं, सरकार हलतं. संयुक्त महाराष्ट्र आंदोलनाने दिल्लीतलं सरकार इतकं हललं की 1 मे 1960 रोजी आपलं राज्य जन्माला आलं. दुसरा शब्द बघा, 'चळवळ'. चळवळ करतो तो चळवळ्या, आणि ज्याला एका जागी बसवत नाही त्या पोरालाही आजी चळवळ्याच म्हणते! म्हणजे मोठ्यांचं राजकारण आणि तुमचे बाकाखालचे पाय, यांचं नातं आपल्या भाषेने केव्हाच जुळवून ठेवलंय.

शास्त्राच्या पुस्तकात झुलण्याला 'दोलन' म्हणतात आणि झुलणाऱ्या वस्तूला 'दोलक'. मला विचाराल तर पुस्तकात 'आंदोलन'च ठेवायला हवं होतं, धडा वाचायला मजा आली असती. असो. दोलन म्हणजे नुसतं हलणं नव्हे. वस्तूची एक निवांत जागा असते. तिथून ढकलली की ती परत यायला धावते, वेगाच्या भरात ती जागा ओलांडून पलीकडे जाते, पुन्हा मागे वळते, पुन्हा ओलांडते. घसरगुंडीवर दोलन नाही. झोपाळ्यावर आहे.

रोमन लोकांकडे याच अर्थाच्या शब्दाची गंमत वेगळी आहे. लॅटिनमध्ये 'ओस' म्हणजे तोंड आणि 'ओसिल्लम' म्हणजे छोटंसं तोंड, छोटा मुखवटा. द्राक्षांचा देव बाकस याचे असे मुखवटे ते झाडांना टांगायचे. वारा आला की देवाचं तोंड या फांदीकडून त्या फांदीकडे. त्या मुखवट्यांवरूनच झुलण्याला 'ओसिल्लारे' म्हणू लागले, असं मानतात. इंग्रजीतला 'ऑसिलेशन' हा शब्द इथूनच निघालाय.

या झुलण्याने एका माणसाला अगदी पछाडलं होतं. त्याचं नाव गॅलिलिओ. पिसा गावातल्या चर्चमध्ये झुलणारा दिवा पाहून त्याने स्वतःच्या नाडीच्या ठोक्यांवर त्याचे झोके मोजले, ही गोष्ट त्याचा शिष्य विव्हियानी याने लिहून ठेवली आहे. गोष्ट छान आहे, पण पूर्ण खरी मानू नका. त्या चर्चमध्ये आज पाहुण्यांना जो दिवा दाखवतात, तो तर त्या प्रसंगानंतर बसवलेला आहे! पण 1602 साली गॅलिलिओने एका मित्राला लिहिलेलं पत्र खरं आहे. त्यात तो सांगतो की झोका मोठा असो की छोटा, दोलकाला एका फेरीला तेवढाच वेळ लागतो. (हे छोट्या झोक्यांनाच नीट लागू पडतं. फार मोठ्या झोक्याला थोडा जास्त वेळ लागतो.)

तुम्हीही करून बघा. एक मजबूत दोरा, एक लोखंडी नट आणि दाराच्या चौकटीतला एखादा खिळा एवढं पुरे. खिळ्यापासून नटाच्या मध्यापर्यंत 25 सेंटिमीटर अंतर ठेवा. नट थोडासाच बाजूला घेऊन हलकेच सोडा, ढकलू नका. सोडताना "शून्य" म्हणायचं, तिथेच परत आला की "एक". "एक" म्हणून सोडलात तर मोजणी एका फेरीने चुकते, आणि मग सगळे घड्याळाला नावं ठेवतात. दहा फेऱ्यांना साधारण 10 सेकंद लागतील. आता दोरा दुप्पट करा, 50 सेंटिमीटर. 20 सेकंद? छे! 14 च्या आसपास. 20 सेकंद हवे असतील तर दोरा चौपट करावा लागतो, म्हणजे पूर्ण 1 मीटर. आता एका नटाच्या जागी तीन नट अडकवा, फक्त त्यांचा मध्य पहिल्याच अंतरावर राहील असं बघा. काय बदललं? काहीच नाही! वजनाला इथे कुणी विचारत नाही. म्हणून झोपाळ्यावर हडकुळा बंडू बसो की गुबगुबीत बाबू, झोका जवळपास त्याच तालात जातो.

ज्याचा ताल इतका पक्का, त्याच्याकडून घड्याळ चालवून घ्यावं, हे हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्सने 1656 मध्ये करून दाखवलं. त्याआधीची चांगली घड्याळंही दिवसाला पाव तास इकडेतिकडे व्हायची. झुलणारा लंबक आला आणि चूक 15 सेकंदांच्या आसपास आली. 1673 साली हायगेन्सने यावर मोठा ग्रंथ लिहिला. त्याचं लॅटिन नाव 'होरोलॉजियम ओसिल्लाटोरियम', म्हणजे झुलणारं घड्याळ. बाकसचे मुखवटे आता गणिताच्या पुस्तकात येऊन बसले.

त्याच सुमारास, 1672 मध्ये, झां रिशे नावाचा फ्रेंच शास्त्रज्ञ पॅरिसमध्ये अचूक लावलेलं घड्याळ घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या कायेन इथे गेला. तिथे ते रोज अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. घड्याळ बिघडलं होतं का? मुळीच नाही. कायेन विषुववृत्ताजवळ आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि मध्यावर जराशी फुगीर आहे, त्यामुळे तिथे तिची ओढ किंचित कमी पडते आणि लंबक जरा आळसावतो. रिशेला लंबक जवळपास 3 मिलिमीटरने आखूड करावा लागला. टांगलेल्या एका गोळ्याने पृथ्वीचा आकार सांगितला!

आता गाण्याच्या क्लासला जाणाऱ्यांची पाळी. तुमच्याकडे तर 'आंदोलन' दोनदा येतं, तेही दोन अर्थांनी. दरबारी कानडा रागातला कोमल गंधार सरळ उभा राहत नाही. तो आपल्या जागेवरून खाली झुकतो, वर येतो, पुन्हा झुकतो, आणि हे सगळं अगदी सावकाश. अशा स्वराला 'आंदोलित' म्हणतात. घाई केलीत की गुरुजी म्हणणार, "अरे, हलव, पण हिसके नको देऊस!" आणि त्याच क्लासच्या पुस्तकात 'आंदोलनसंख्या' असते. मध्य षड्ज 240, पंचम 360, तार षड्ज 480. म्हणजे स्वर निघताना तार एका सेकंदात तितक्या वेळा थरथरते. तानपुऱ्याची तार छेडून तिच्याकडे बारीक नजरेने पाहा. ती एकेक झोका दाखवतच नाही. तारेच्या जागी मध्ये फुगलेली, दोन्ही टोकांना निमुळती अशी धूसर पट्टी दिसते. गंधाराचं आंदोलन कानांनी सहज मोजता येतं, तारेचं डोळ्यांनीही पकडता येत नाही, आणि नाव दोघांचं एकच.

तारेपेक्षाही चपळ दोलक कदाचित आत्ता तुमच्या मनगटावर असेल. सेलवर चालणाऱ्या घड्याळात क्वार्ट्‌झ या स्फटिकाचा इवलासा दुबेळक्या आकाराचा चिमटा असतो. वीज मिळाली की तो सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. एवढी थरथर सेकंदकाट्याला कशी झेपणार? म्हणून घड्याळातलं छोटं विद्युत मंडळ ती निम्मी करतं, मग निम्म्याची निम्मी, मग पुन्हा निम्मी. पण हाच विचित्र आकडा का? 30,000 का नाही? कागद घ्या, 32,768 लिहा आणि त्याचे अर्धे करत सुटा. 16,384, मग 8,192, मग 4,096... कुठेही अपूर्णांक येणार नाही. पंधराव्यांदा अर्धे केलेत की उरतो बरोबर 1. मग हाच खेळ 30,000 घेऊन खेळा आणि कितव्या पायरीवर गाडी अडते ते बघा.