बाबासाहेबांचे चित्र असलेली वही छापून घेताना

१४ एप्रिलच्या आंबेडकर जयंतीला पुतळ्यापुढे हारांचा ढीग करण्याऐवजी वह्या आणि पेन आणावेत, मग ते गरजू मुलांपर्यंत पोचवावेत, ही रीत महाराष्ट्रात अनेक ठिकाणी रुजली आहे. ६ डिसेंबरला, महापरिनिर्वाण दिनीही, अनेक जण अशाच वह्या-पेनांनी अभिवादन करतात. काही मंडळे, बुद्धविहार आणि कर्मचारी संघटना एक पाऊल पुढे जाऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चित्र असलेली वही स्वतः छापून घेतात. काम अवघड नाही, मात्र प्रत्येक पायरी समजून घ्यावी लागते. ती वही एखादे मूल वर्षभर दप्तरात वागवणार असते. तेव्हा ती आधी लिहायला चांगली असावी आणि तिच्यावरचा चेहरा नीट उमटावा, इतके तरी आपण बाबासाहेबांचे देणे लागतो.

आधी तारीख, मग संख्या

१४ एप्रिलच्या सुमारास शाळांचे वर्ष संपत आलेले असते. तेव्हा दिलेली वही जूनमध्ये उघडली जाते, म्हणून ती पुढच्या इयत्तेच्या हिशेबाने निवडावी. दुसरा चांगला दिवस ७ नोव्हेंबरचा. १९०० साली याच दिवशी बाबासाहेबांचा साताऱ्याच्या शाळेत प्रवेश झाला आणि २०१७पासून महाराष्ट्रात तो विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास मुलांच्या पहिल्या वह्या भरत आलेल्या असतात आणि नव्या वहीची खरी गरज असते.

मार्च ते जून छापखान्यांत लग्नपत्रिका आणि शालेय वह्या यांची गर्दी असते. १४ एप्रिलला वाटप करायचे तर मजकूर आणि चित्र फेब्रुवारीतच पक्के झालेले बरे.

संख्येवर छपाईची पद्धत ठरते. ऑफसेट छपाईत प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट करावी लागते. तो खर्च शंभर प्रतींना जितका, तितकाच पाच हजारांना. त्यामुळे प्रती वाढल्या की दर प्रतीचा खर्च उतरतो. थोड्या प्रती हव्या असतील तर प्लेटशिवाय होणारी डिजिटल छपाई परवडते. तिसरा मार्ग असा की वह्या करणाऱ्या कारखान्याकडून रेघा मारलेली तयार वही घ्यायची आणि फक्त मुखपृष्ठ आपले छापायचे. लहान मंडळांना हाच सोयीचा.

चित्र निवडताना

मोबाइलवर फिरत फिरत आलेला फोटो वापरू नये. छपाईला प्रत्यक्ष आकारात दर इंचाला ३०० बिंदू (डीपीआय) लागतात. म्हणजे चित्र १५ सेंटिमीटर रुंद छापायचे असेल तर मूळ फाइल रुंदीला साधारण १,७७० पिक्सेल हवी. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवले की चित्र दाबले जाते आणि बारकावे जातात. तेच डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर मूळ फाइल जशीच्या तशी पोचते. एखाद्याच्या घरी किंवा ग्रंथालयात जुना छापील फोटो असेल तर तो मोबाइलने टिपण्यापेक्षा स्कॅनरवर ६०० डीपीआयला घ्यावा.

हक्काचा प्रश्नही इथेच सोडवावा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्रावरचा हक्क आधी ते प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकायचा; २०१२च्या दुरुस्तीपासून तो छायाचित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षे चालतो. बाबासाहेबांचे निधन १९५६चे. पण तेवढ्यावरून त्यांच्या हयातीतले प्रत्येक छायाचित्र आता खुले आहे असे धरू नये, खात्री करून घ्यावी. रंगवलेल्या चित्राचेही तसेच. चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षे तो हक्क चालतो. अलीकडच्या कलावंताचे पोर्ट्रेट हवे असेल तर परवानगी घ्यावी आणि आतल्या पानावर त्याचे नाव छापावे.

चित्रामागे चार सिंहांची राजमुद्रा टाकण्याचा मोह अनेक डिझायनरांना होतो. तो टाळावा, कारण २००५च्या कायद्याने राजमुद्रेचा असा खाजगी वापर बंद आहे. शिवाजी महाराज किंवा महात्मा गांधी यांचे चित्र घेऊन वह्या विकायच्या असतील तर १९५०चा बोधचिन्हे आणि नावे यांचा कायदा आधी वाचावा. त्याच्या परिशिष्टात ही दोन्ही नावे असून व्यापारी वापराला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते.

चेहरा आरशात पालटू नका

मांडणी करताना बाबासाहेबांची नजर पानाच्या आतल्या बाजूला वळावी म्हणून फोटो आडवा उलटवला जातो. पाहणाऱ्याला काहीतरी खटकते, पण काय ते सांगता येत नाही. कोट पाहिला की चूक सापडते. कोटाचा वरचा खिसा घालणाऱ्याच्या डाव्या बाजूला असतो. तो उजवीकडे दिसला तर फोटो उलटा आहे. केसांचा भांगही बाजू बदलतो. नजरेची दिशा बदलायची असेल तर मजकुराची जागा बदलावी, चेहरा तसाच ठेवावा.

जुन्या फोटोवरचे ओरखडे आणि डाग जरूर पुसावेत. मात्र एका बटनावर ‘फोटो सुधारणारी’ साधने जपून वापरावीत. ती डोळे आणि ओठ स्वतःच्या अंदाजाने नव्याने काढतात, चष्म्याची काडी हरवते, त्वचा मेणासारखी गुळगुळीत होते. उमटणारा माणूस बाबासाहेबांसारखा दिसतो, पण ते बाबासाहेब नसतात.

काळा सूट आणि निळी पार्श्वभूमी

ऑफसेटमध्ये फोटो बारीक ठिपक्यांनी छापला जातो. कागदावर शाई थोडी पसरते आणि प्रत्येक ठिपका फुगतो. बाबासाहेबांच्या गडद सुटाची अडचण इथे येते. स्क्रीनवर कोटाची कॉलर, टायची गाठ, खिशातले पेन स्पष्ट दिसतात, कागदावर सगळे मिळून एक काळा डाग होतो. म्हणून फोटोतला गडद भाग छपाईआधी थोडा उजळ करून घ्यावा. चकचकीत आर्ट कार्डवर थोडा पुरतो, साध्या कागदावर जास्त लागतो. चष्म्याच्या काचेवरची चमक आणि डोळ्यांतला पांढरा ठिपका मात्र जपावा. चेहऱ्यातला जिवंतपणा बराचसा तिथे असतो.

कृष्णधवल फोटो चार रंगांत छापला तर एखादा रंग किंचित सरकला तरी चेहरा हिरवट किंवा लालसर दिसतो. तो फक्त काळ्या शाईत, किंवा काळ्यासोबत एका निळ्या शाईत छापावा. खर्च कमी होतो आणि चेहरा जास्त घट्ट उमटतो.

निळ्या रंगाची हमखास तक्रार असते. आंबेडकरी चळवळीचा निळा स्क्रीनवर हवा तसा दिसतो आणि छापून जांभळट येतो. चार रंगांच्या छपाईत निळा हा सायन (आकाशी) आणि मॅजेंटा (गडद गुलाबी) मिसळून होतो. दोन्हींचे प्रमाण जवळ आले की जांभळा डोकावतो. सायन १०० टक्के असेल तर मॅजेंटा ७०च्या वर जाऊ देऊ नये. हजारो प्रतींना तंतोतंत तोच निळा हवा असेल तर ‘स्पॉट कलर’ मागावा, म्हणजे ती शाई आधीच कालवून एकाच प्लेटने छापली जाते.

पुठ्ठा, कागद आणि रेघा

मुखपृष्ठाला २५० ते ३०० जीएसएम आर्ट कार्ड घ्यावे. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन. वर मॅट लॅमिनेशन केले तर पावसाळ्यात पुठ्ठा तग धरतो आणि उजेडात चेहऱ्यावर चकाकी येत नाही.

आतल्या कागदाची निवड सर्वांत महत्त्वाची. पन्नाशीच्या आसपासच्या जीएसएमचा कागद स्वस्त पडतो, पण जेल पेनाची शाई मागच्या पानावर दिसते आणि मूल एकाच बाजूला लिहू लागते. मग दोनशे पानी वही शंभराचीच उरते. ६० ते ७० जीएसएमचा मॅपलिथो कागद घ्यावा. वजनाचाही हिशेब करावा. १८ गुणिले २४ सेंटिमीटरच्या दोनशे पानी वहीत त्या आकाराचे शंभर कागद असतात. ६० जीएसएमला त्यांचे वजन साधारण २६० ग्रॅम, ७० जीएसएमला ३०० ग्रॅम. लहान मुलांना ६०चा कागद आणि शंभर पानी वही बरी.

रेघा कोणत्या हव्यात ते शाळेतल्या बाईंना किंवा सरांना विचारावे. पहिली-दुसरीच्या मुलांना दुरेघी, इंग्रजी सुलेखनाला चाररेघी, गणिताला चौकटी, मोठ्यांना एकरेघी लागते. सरसकट एकरेघी वही वाटली की सर्वांत लहान मुलांना तिचा उपयोग होत नाही.

मजकूर आणि मांडणी

मागच्या पुठ्ठ्यावर संविधानाची उद्देशिका उत्तम शोभते. ती पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर असते, तिथून शब्द न् शब्द ताडून घ्यावी. १९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तिच्यात शब्द वाढले, त्यामुळे जुनी प्रत समोर ठेवली तर मजकूर जुळत नाही. बाबासाहेबांचे वचन घालायचे असेल तर ते महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या खंडांत शोधावे आणि खंड व पान टिपून ठेवावे. सापडले नाही तर छापू नये. ‘मूकनायक’ ते ‘प्रबुद्ध भारत’ अशी नियतकालिके चालवून छापील शब्दाची किंमत जाणणाऱ्या माणसाच्या तोंडी आपण भलते वाक्य घालू शकत नाही.

मुलाच्या नावाची चौकट चित्रावर येऊ देऊ नये, ती खाली किंवा आतल्या पानावर द्यावी. कडेने ३ मिलिमीटर कापणीसाठी सोडावेत. देणगीदार आणि पदाधिकारी यांची नावे मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लहान अक्षरात द्यावीत. बाबासाहेबांशेजारी स्थानिक पुढाऱ्यांचे फोटो लावू नयेत.

वही भरल्यावर रद्दीत गेली तर चित्राचे काय, ही रुखरुख अनेकांना असते. ती रास्त आहे. चित्र पुठ्ठ्याऐवजी आतल्या पहिल्या जाड पानावर, मागे कोरे ठेवून छापले तर ते सुटे काढून भिंतीवर लावता येते.

शेवटी प्रूफ

फाइल देताना देवनागरी अक्षरे ‘कर्व्ह’मध्ये, म्हणजे आकृत्यांत, बदलून द्यावीत, नाहीतर दुसऱ्या संगणकावर जोडाक्षरे तुटतात. स्क्रीनवरचे प्रूफ पुरेसे नाही. ज्या कागदावर छापणार त्याच कागदावरची एक प्रत आणि पिन मारलेली एक कोरी डमी मागावी. डमीत दोन्ही बाजूंनी जेल पेनाने लिहून पाहावे. मजकूर दोघांनी वेगवेगळा वाचावा आणि मगच छापायला सही द्यावी.

पैसे कमी पडले तर कात्री कुठे लावायची, हे आधीच ठरवून ठेवावे. चार रंगांऐवजी एक रंग चालेल. लॅमिनेशन नसले तरी चालेल, प्रतीही थोड्या कमी करता येतील. आतला कागद मात्र हलका करू नये. चित्र बाबासाहेबांचे आहे म्हणून वही जपली जाईलच, पण त्यांना अभिप्रेत असलेला अभ्यास त्या पानांवर व्हायचा असेल तर पाने दोन्ही बाजूंनी लिहिण्याजोगी हवीत.