दृष्टिहीन पाहुणा आणि आपलीं घरें

कोंकणांतील गृहस्थाच्या घरीं पाहुण्यांची वाण कधींच पडली नाहीं. परंतु पैसे मोजून चार दिवस राहणारा पाहुणा ही नव्या काळाची गोष्ट आहे. महाराष्ट्र सरकारनें २०२० सालीं कृषिपर्यटनाचें धोरण ठरविलें. पेण आणि रोहें या तालुक्यांत आज अशीं उतरण्याचीं घरें जागोजागीं दिसतात. मुंबई-पुण्याचीं कुटुंबें शनिवार गांठून येतात आणि सोमवारच्या आंत परततात. या मंडळींत एखादा डोळ्यांनीं अधू असेल, तर त्याची सोय कशी लावावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आमच्या परिचयाचे एक दृष्टिहीन शिक्षक आहेत. त्यांनीं या बाजूस एके ठिकाणीं खोलीची चौकशी केली, तेव्हां मालकानें विचारिलें, "मास्तर, तुम्हांला दिसत तर कांहीं नाहीं, इथें येऊन तुम्ही करणार काय?" विचारणाराच्या मनांत दुष्टावा नव्हता; तरी त्या एका वाक्यासरशीं शिक्षकांनीं बेत रहित केला. या प्रश्नाचें उत्तर पेण-रोह्याच्या भूमीकडूनच घ्यावें हें बरें. पेण आणि जवळचीं हमरापूर, जोहें हीं गांवें गणपतींच्या कारखान्यांसाठीं प्रसिद्ध आहेत. रंग चढण्यापूर्वीं शाडूच्या वाळलेल्या मूर्तीवर अलगद हात फिरविला, तर सोंडेचें वळण आणि पितांबराच्या चुण्या बोटांस जितक्या स्वच्छ कळतात, तितक्या घाईनें पाहणाऱ्या डोळ्यांस कळत नाहींत. मूर्तिकाराची परवानगी मात्र आधीं घ्यावी. रोह्याकडे कुंडलिका आहे. भिऱ्याच्या वीजगृहांतून सुटलेलें पाणी कोलाडपाशीं पोंचलें कीं नदीचा सूर पालटतो. धावीर महाराजांच्या पालखीपुढचे ढोल, उन्हांत घातलेल्या पापडांचा आणि भट्टींतील पोह्यांचा वास, यांपैकीं कशास डोळे लागतात?

आतां घराकडे वळूं. अशा पाहुण्यासाठीं घर पाडून नवें बांधावें लागत नाहीं. त्यास मुख्यत्वें दोन गोष्टी हव्या असतात: वस्तूची ठरलेली जागा आणि तोंडचा शब्द. ही विद्या आपल्या स्वयंपाकघरांत पूर्वापार नांदत आहे. पान कसें वाढतात तें पाहावें. मीठ वर मध्यभागीं, त्याच्या डाव्या हातास लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजव्या हातास भाज्या, समोर भात. ज्यास ही रीत ठाऊक आहे, त्यास चाचपडावें लागत नाहीं. वाढणारानें "डावीकडे चटणी, उजवीकडे अळूची भाजी, वाटींत आमटी, गरम आहे" एवढें म्हटलें कीं काम झालें. शिवाय हिरव्या पानावर पांढरा भात उठून दिसतो. पांढऱ्या बशींत तो दिसत नाहीं. हा भेद क्षुल्लक नव्हे. ज्यांस आपण अंध म्हणतों, त्यांतील पुष्कळांस थोडें अंधुक दिसत असतें आणि रंगांतील विरोध हाच त्यांचा आधार असतो.

हाच नियम खोलीस लावावा. पाहुणा आला म्हणजे दारापासून आरंभ करून भिंतीच्या कडेनें त्यास एकदां सगळी खोली फिरवून दाखवावी: ही खाट, हें मेज, हीं विजेचीं बटणें, हें न्हाणीघर. त्यानंतर खुर्ची, बादली, पायपोस यांतील कांहीं हलवूं नये. झाडतांना हललें तर परत जागच्या जागीं ठेवावें. दार पूर्ण उघडें असावें किंवा पूर्ण लावलेलें असावें. अर्धवट उघड्या दाराची कड थेट कपाळावर बसते. साबणाच्या आणि तेलाच्या बाटल्या सारख्या असतील, तर एकीस रबराचा फेर घालावा. गरम पाण्याचा नळ कोणता तें हात लावून सांगावें. किल्लीस जाड दोरा बांधावा. उंबरठा आणि पायऱ्यांच्या कडा यांवर पिवळ्या रंगाचा पट्टा ओढावा. दिवा भरपूर उजेडाचा, पण डोळ्यांवर न येणारा असावा.

जुन्या घरांत धोका अंगणांत अधिक. विहिरीस कठडा नसेल, तर पाहुणे ठेवण्याचा विचारच करूं नये. बाहेर उघडणारीं खिडकीचीं तावदानें, खालीं आलेली वळचण, कपडे वाळविण्याची तार हीं डोक्याच्या उंचीवर असतात. हातांतील पांढरी काठी जमीन चाचपते, तिला तीं सांपडत नाहींत. पडवीपासून न्हाणीघरापर्यंत कमरेइतक्या उंचीवर एक दोर ताणला, तर रात्रीं कोणास हांक मारावी लागत नाहीं.

वागणुकीचे नियम थोडे आहेत. पाहुण्याचा दंड धरून त्यास ढकलीत नेऊं नये. आपलें कोपर त्यास धरूं द्यावें आणि अर्धें पाऊल पुढें चालावें. जवळ येतांना नांव सांगावें, निघतांनाही सांगावें; नाहींतर तो रिकाम्या खुर्चीशीं बोलत राहतो. जेवणांत काय हवें, हें सोबतच्या माणसास न विचारतां त्याचें त्यासच विचारावें.

हा केवळ सौजन्याचा प्रश्न आहे, असेंही समजूं नये. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ सालीं झाला. खाजगी सेवा देणारेही त्याच्या कक्षेंत येतात. राजीव रतूडी या दृष्टिहीन गृहस्थांनीं २००५ सालीं केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानें ८ नोव्हेंबर २०२४ रोजीं असा निर्णय दिला कीं, सुगम्यतेचे किमान नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपांत ठेवतां येणार नाहींत. ते बंधनकारकच असले पाहिजेत.

आमच्या वाचकांपैकीं पाहुणे ठेवणारे थोडे असतील. पण ज्यांच्या घरीं वडीलधारें माणूस आहे, असे बहुतेक सर्वच आहेत. मोतीबिंदू शस्त्रक्रियेनें निघतो. परंतु काचबिंदूनें गेलेली दृष्टि परत येत नाहीं. मग आजोबांस "तुम्ही बसा, पडाल" असें म्हणून एका खाटेवर बसवून ठेवण्यांत येतें. त्यांचा तांब्या, चष्मा आणि वहाणा रोज एकाच जागीं राहतील एवढी शिस्त घरांतील मुलांस लावली, तर अर्धें काम तेथेंच होईल. पाहुण्यांचें घर चालविणारांस आमची एवढीच सूचना कीं, सर्व सिद्धता झाल्यावर एखाद्या दृष्टिहीन कुटुंबास दोन दिवस फुकट राहावयास बोलवावें, आणि तीं मंडळी जेथें अडतील तेथें दुसऱ्याच दिवशीं सुतार-गवंडी लावावा.