गाडीचा सातबारा

जळालेला, चुरगळलेला, गंजलेला पत्रा. बॉनेट कुठं संपलं आणि दार कुठं सुरू झालं, हे बोट ठेवून दाखवता येऊ नये अशी दशा. आपल्या गल्लीतल्या भंगारवाल्यानं काटा काढून किलोचा भाव सांगितला असता. ऑगस्ट २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टरे इथल्या लिलावात हाच ढीग १८ लाख ७५ हजार डॉलरना विकला गेला. म्हणजे सुमारे साडेपंधरा कोटी रुपये!

हा ढीग एके काळी १९५४ ची फेरारी ५०० मोंडियाल होता. त्याच वर्षी ही गाडी इटलीतल्या ‘मिले मिलिया’ या हजार मैलांच्या शर्यतीत धावली. पुढं १९६० च्या दशकात अपघात होऊन ती पेटली आणि तेव्हापासून तशीच पडून राहिली. इतका पैसा मोजणाऱ्यानं नेमकं काय विकत घेतलं? त्या ढिगात उरलेली खरी दौलत म्हणजे ओळख. कारखान्यातून मिळालेला चासी नंबर, आणि त्या नंबराला चिकटलेला जळण्याआधीचा सगळा इतिहास. पत्रा ठोकून नवा करता येतो, इंजिन उभं करता येतं. १९५४ सालचा तो जन्म मात्र पुन्हा घडवता येत नाही.

आपल्याकडे जमीन घेताना आपण आधी माती बघत नाही, सातबारा बघतो. नाव कुणाचं, फेरफार कधी झाले, मध्येच एखादी नोंद गायब तर नाही ना? जुन्या मोटारींच्या बाजारातली जाणकार मंडळी नेमकं हेच करतात. चासीवरचा आणि इंजिनवरचा नंबर कारखान्याच्या नोंदीशी जुळतो का, हे ती आधी तपासतात. मग मालकांची साखळी, जुन्या पावत्या, पत्रं, शर्यतीतले फोटो. ‘प्रॉव्हनन्स’ म्हणतात तो हाच गाडीचा सातबारा. तो स्वच्छ असला की किंमत चढते. त्यात खाडाखोड दिसली, की चकचकीत रंगाची गाडीही दारात उभी राहते.

पण मग एक अवघड प्रश्न उभा राहतो. सगळे भाग बदलत गेले तर गाडी तीच राहते का? हा वाद १९९० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात गेला. ‘ओल्ड नंबर वन’ नावाची बेंटली स्पीड सिक्स १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं फ्रान्समधली ल माँची शर्यत जिंकलेली. पुढं तिच्यात सतत बदल होत गेले आणि १९३२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्स शर्यतपट्ट्यावरच्या भीषण अपघातानंतर तिची पुन्हा बांधणी झाली. कित्येक वर्षांनी तिचा तब्बल १ कोटी पौंडांचा सौदा ठरला, आणि खरेदीदार मागं फिरला. त्याचं म्हणणं, १९२९ च्या गाडीतलं हिच्यात जवळजवळ काहीच उरलेलं नाही. भागांबाबत त्याचं बरोबरच होतं. तरीही न्यायमूर्ती ऑटन यांनी कौल दिला, की हीच खरी ओल्ड नंबर वन. भाग बदलत गेले, पण गाडीचं आयुष्य कधी तुटलं नव्हतं.

मराठी माणसाला हा निकाल परका वाटू नये. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार होतो. खांब बदलतात, कळस नवा चढतो, फरशी नवी येते. दिवा मात्र विझलेला नसतो, म्हणून गाव म्हणतं, देऊळ तेच.

आयुष्य सलग असलं, की त्यातले व्रणही मोलाचे होतात. ‘बुलिट’ या १९६८ च्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीननं चालवलेली हिरवी फोर्ड मस्टँग एका अमेरिकन कुटुंबानं १९७४ मध्ये ६ हजार डॉलरना घेतली. घरातली शिक्षिका ती घेऊन शाळेत जायची. १९७७ मध्ये खुद्द मॅक्वीननं पत्र लिहून गाडी परत मागितली. कुटुंबानं दिली नाही. जानेवारी २०२० मध्ये ती लिलावात आली तेव्हा रंग विटलेला, जागोजागी पोचे, आणि चित्रीकरणासाठी केलेल्या फेरफारांच्या खुणा जशाच्या तशा. त्याच खुणांनी ती अस्सल असल्याची साक्ष दिली. किंमत आली ३७ लाख ४० हजार डॉलर.

धुळीलासुद्धा भाव येतो. पश्चिम फ्रान्समधल्या एका जागेत ५९ जुन्या गाड्या वर्षानुवर्षं पडून होत्या. त्यात मासिकांच्या गठ्ठ्यांखाली दबलेली एक फेरारी कॅलिफोर्निया स्पायडर, कधी काळी नट आलँ दलाँची. २०१५ मध्ये पॅरिसच्या लिलावात ती धुळीसकट मांडली गेली आणि १ कोटी ६० लाख युरोंहून अधिक किमतीला गेली. ती धूळ सांगत होती, की इतकी वर्षं इथं कुणाचा हात लागलेला नाही.

आता या बाजाराचं शिखर. मे २०२२ मध्ये श्टुटगार्टला मर्सिडीज-बेंझच्या संग्रहालयात एक खासगी लिलाव झाला. गाडी होती १९५५ ची ३०० एसएलआर उलेनहाउट कूपे. अभियंते रुडॉल्फ उलेनहाउट यांच्या नावाची ही गाडी एकदाही शर्यतीत उतरलेली नव्हती, कारण त्या वर्षाच्या शेवटी कंपनीनं शर्यतींतूनच अंग काढून घेतलं. अशा गाड्या बनल्या दोनच. बोली थांबली साडेतेरा कोटी युरोंवर, म्हणजे हजार कोटी रुपयांच्याही पुढं. लिलावात विकली गेलेली ती सर्वांत महाग मोटार ठरली. मिळालेल्या पैशातून तरुणांच्या शिष्यवृत्त्यांसाठी निधी उभारला गेला. तिचा सातबारा बघा: ६७ वर्षं, आणि मालक म्हणून एकच नाव. जिनं ती घडवली, त्या कंपनीचं.

अर्थात जुनी झाली म्हणून कुठलीही गाडी सोन्याची होत नाही. १९८० च्या दशकाच्या शेवटी फेरारींचे भाव भराभर चढले आणि पुढच्या काही वर्षांतच कोसळले. जाहिरातीत मागितलेला आकडा म्हणजेही किंमत नव्हे. देणाऱ्यानं खरोखर दिला तोच आकडा खरा. शिवाय साधी गाडी नव्यासारखी करून घ्यायला तिच्या बाजारभावाहून जास्त खर्च सहज होतो.

आपल्या घरात आजोबांची फियाट उभी असेल, तर तिचे कोटी होणार नाहीत. तशा गाड्या भरपूर बनल्या. पण २०२१ पासून आपल्या देशातही पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते, आणि तिची अट बघा: गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल नको. मॉन्टरेच्या लिलावघरात जे तपासतात, तेच आपला नियमही विचारतो.

म्हणून रंगाऱ्याला बोलावण्याआधी आजोबांची ट्रंक उघडा. आरसी बुक, शोरूमची पावती, गाडीपुढं उभं राहून काढलेला कुटुंबाचा कृष्णधवल फोटो, सगळं एका फायलीत लावा. पत्रा सरळ करणारा कारागीर उद्याही मिळेल. फाडून टाकलेली पावती मात्र पुन्हा कुणाला छापता येणार नाही.