तबकडी संपली, हक्क उरला

व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवायच्या सोनेरी तबकडीसाठी १९७७ साली जगभरचं संगीत निवडलं जात होतं. भारतातून काय घ्यावं, यावर रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकांनी सुचवलं ते केसरबाई केरकरांची भैरवी. पण ती रेकॉर्ड बाजारात उरलेली नव्हती. निवड-गटातल्या ॲन ड्रुयान यांनी न्यूयॉर्कमध्ये शोध घेतला, तेव्हा एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या धुळकट खोक्यात तिच्या तीन न उघडलेल्या प्रती सापडल्या. फोंड्याजवळच्या केरी गावात जन्मलेल्या केसरबाईंचा आवाज अशा रीतीनं ताऱ्यांच्या दिशेनं गेला. व्हॉयेजर-१ निघालं ५ सप्टेंबरला, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. रेकॉर्डिंगला सहजी तयार न होणाऱ्या या गायिकेची साडेतीन मिनिटं पृथ्वीबाहेर पोचली, ती एका दुकानदाराचा माल विकला गेला नव्हता म्हणून.

दुर्मीळ तबकड्यांची सगळी गोष्ट या प्रसंगात आहे. हक्क एकाकडे असतो आणि प्रत भलत्याच कुणाकडे.

कलकत्त्यात १९०२च्या नोव्हेंबरात ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग यांनी गायिका गौहरजानचा आवाज मेणावर घेतला. सुरुवातीच्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापून येत, १९०८पासून कलकत्त्यातच छपाई सुरू झाली. पुढची साठ वर्षं आपलं संगीत लाखेवर उतरत राहिलं. एचएमव्हीचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण मुंबईच्या ‘यंग इंडिया’ लेबलची आठवण आज किती जणांना आहे? नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचं हे लेबल १९३५ ते १९५५ चाललं. मोठ्या कंपनीच्या दारात ज्यांना जागा नव्हती अशा कितीतरी नवख्या गळ्यांना त्यानं संधी दिली. कंपनी बंद पडली आणि हा ठेवा संग्राहकांच्या कपाटांत उरला. १९९०मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या सुरेश चांदवणकर यांनी ब्रिटिश लायब्ररीच्या योजनेतून या लेबलच्या तबकड्यांच्या डिजिटल प्रती करून घेतल्या. हौसेनं तबकड्या जमवणारी माणसं नसती, तर या गायकांचा मागमूस राहिला नसता.

आता कायद्याकडे वळू. आपला कॉपीराइट कायदा १९५७चा. ध्वनिमुद्रणाचा हक्क तो निर्मात्याला, म्हणजे कंपनीला देतो. जिच्या गळ्यातून गाणं आलं तिला कलावंत म्हणून काही हक्क मिळायला १९९४ची दुरुस्ती यावी लागली. तोवर मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकड्यांचा काळ संपून बरीच वर्षं लोटली होती. ध्वनिमुद्रणाच्या हक्काची मुदत, तबकडी प्रसिद्ध झाली ते वर्ष संपल्यापासून ६० वर्षं. आधी ती ५० होती. रवींद्रनाथांच्या साहित्यावरचा हक्क १९९१अखेर संपत आला, तेव्हा मुदत दहा वर्षांनी वाढवण्यात आली आणि त्याबरोबर तबकड्यांचीही वाढली. म्हणजे १९६५ची तबकडी १ जानेवारी २०२६ला मोकळी झाली. ७८ फेऱ्यांच्या बहुतेक सगळ्या भारतीय तबकड्या, निव्वळ ध्वनिमुद्रण म्हणून, आज कुणाच्याच मालकीच्या नाहीत.

मग अडचण कुठे आहे? एकाच तबकडीत शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा असे तीन वेगळे हक्क असतात, तिथं. शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. ‘मानापमान’चे कर्ते कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८मध्ये गेले, चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५मध्ये. त्या नाटकाच्या पदांची जुनी तबकडी तिन्ही अंगांनी मोकळी आहे. पण १९५०च्या दशकातलं कवी गदिमा आणि संगीतकार सुधीर फडके या जोडीचं भावगीत घ्या. त्याचं ध्वनिमुद्रण मोकळं झालं, तरी शब्दांवरचा हक्क २०३७ संपेपर्यंत आहे आणि चालीवरचा २०६२ संपेपर्यंत. कवी-संगीतकारांच्या वारसांना मोबदला मिळू नये, असं मी मुळीच म्हणत नाही. तो मिळालाच पाहिजे. पण जे गाणं कुणी विकतच नाही, त्याचा मोबदला कोणत्या खिशातून येणार?

मुदत चालू होती त्या दशकांतही प्रती होतच होत्या, आधी स्पूलवर, मग कॅसेटवर. स्वतःच्या ऐकण्या-अभ्यासासाठी प्रत करायला कायद्याची मुभा आहे, पण ती चार जणांना वाटली की रेघ ओलांडली जाते. ही रेघ असंख्य रसिकांनी ओलांडली. नवी कोरी कॅसेट रातोरात छापून फुटपाथवर विकणारा आणि फुटायला आलेली तबकडी वाचवणारा, या दोघांना एकाच शब्दानं चोर म्हणणं मला मान्य नाही. पहिला चालू बाजारातलं उत्पन्न पळवतो. दुसरा तर बाजारानं टाकून दिलेलं उचलतो आणि त्यावर स्वतःचा वेळ खर्च करतो.

हा वेळ थोडाथोडका नसतो. आधी तबकडी धुवायची, खाचेला योग्य अशी सुई शोधायची, आणि मग गती ठरवायची. ‘७८’ हा आकडा सुरुवातीच्या तबकड्यांच्या बाबतीत फसवा आहे, गती बरीच कमीजास्त असे. साडेचार फेऱ्या चुकल्या की काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी दोनमध्ये ऐकू येतो, आवाजाचा पोत बदलतो, तानेचा वेग बदलतो. म्हणून चांगली प्रत करणारा लेबल, क्रमांक, मॅट्रिक्स नंबर आणि वापरलेली गती नोंदवून ठेवतो. हे सगळं पुसून त्यावर स्वतःच्या नावाचा शिक्का मारणाऱ्यांबद्दल मला मनापासून राग आहे. त्यांनी गाणं वाचवलं असेल, पण त्याची ओळख घालवली.

बाजारानं टाकून दिलेल्या गाण्यांसाठी इतरत्र कायद्यानंच वाट काढली आहे. युरोपनं २०११मध्ये ध्वनिमुद्रणाच्या हक्काची मुदत ७० वर्षं केली, पण एक अट घातली. पन्नास वर्षांनंतर कंपनी पुरेशा प्रती विकत नसेल किंवा गाणं ऑनलाइन देत नसेल, तर कलावंतानं नोटीस द्यायची. वर्षभरात कंपनी हलली नाही, तर तिचा हक्क संपतो. अमेरिकेच्या २०१८च्या कायद्यात, १९७२पूर्वीचं ध्वनिमुद्रण बाजारात नसेल तर नीट शोध घेऊन कॉपीराइट कार्यालयात नोंद करायची असते. ९० दिवसांत मालकानं हरकत घेतली नाही, तर नफ्याविना वापर करता येतो. हक्क हवा असेल तर गाणं लोकांपर्यंत ठेवा, ही ती भूमिका. आपल्याकडे मालक सापडत नसल्यास सक्तीचा परवाना मागता येतो. पण वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची, अर्ज करायचा, सुनावणीला जायचं, हे दोनशे तबकड्या सांभाळणाऱ्या निवृत्त शिक्षकाला झेपणारं नाही. नोंद आणि ९० दिवस ही रीत आपणही घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

तोवर एक वाट खुली आहे आणि ती फारशी वापरली जात नाही. २०१२च्या दुरुस्तीनं नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला, स्वतःकडे मूळ प्रत असल्यास, जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवायची मुभा दिली. पण आपल्या तबकड्या ग्रंथालयांत नाहीत, गिरगावातल्या आणि सदाशिव पेठेतल्या माळ्यांवर आहेत. संग्राहक गेला की घर रिकामं करायची घाई होते आणि ओझं जुन्या बाजारात किंवा भंगारात जातं. हाच संग्रह नोंदींसह एखाद्या ग्रंथालयाच्या स्वाधीन झाला, तर त्याच तबकड्यांची प्रत त्याच दिवसापासून उघडपणे करता येते. मराठी मुलखात शंभर वर्षं जुनी ग्रंथालयं काही कमी नाहीत. त्यांना एक चांगला टर्नटेबल, दोन-तीन मापांच्या सुया आणि तबकडी हाताळायला शिकलेला एक माणूस हवा.

लाखेच्या तबकडीला निदान वय सोसतं. १९८०च्या दशकात छोट्या कंपन्यांनी काढलेल्या भारुड-कीर्तनाच्या आणि लोकगीतांच्या कॅसेटना ते सोसणार नाही. १९८५ची कॅसेट ध्वनिमुद्रण म्हणून मोकळी होईल ती १ जानेवारी २०४६ला. चुंबकीय फितीवरचा थर तोवर टिकण्याचा भरवसा नाही, आणि यातल्या कितीतरी कंपन्यांच्या पत्त्यावर आज दुसरंच दुकान आहे.