बोट सुनेकडेच का?

लग्नानंतर पाळणा हलला नाही, की सगळ्यांची बोटे सुनेकडे वळतात. पण दोष पुरुषातही असू शकतो. म्हैसूर विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात पुरुष वंध्यत्वामागील आनुवंशिक कारणांवर संशोधन झाले आहे.

शुक्राणू पित्याची गुणसूत्रे तेवढी आणतो, असा पूर्वी समज होता. तो आरएनए, म्हणजे जनुकांचे निरोप वाहणारे रेणूही, स्त्रीबीजात पोहोचवतो, हे २००४ साली दिसून आले. उंदरांमध्ये तर नराच्या आहारानुसार हे रेणू बदलतात आणि गर्भाच्या सुरुवातीच्या वाढीवर परिणाम करतात.

वंध्यत्वाचे कारण न सापडलेल्या जोडप्यांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुरुषाच्या शुक्राणूंत आवश्यक आरएनए-घटक नसतील, तर नैसर्गिकरीत्या किंवा कृत्रिम वीर्यरोपणाने मूल होण्याची शक्यता ७३ वरून २७ टक्क्यांवर आलेली आढळली. टेस्ट ट्यूब पद्धतीत मात्र ही उणीव फारशी आड आली नाही.

ही तपासणी अजून सर्रास होत नाही. साधी वीर्यतपासणी मात्र सहज होते. तेव्हा वर्षभर वाट पाहूनही दिवस राहिले नाहीत, तर पतिपत्नी दोघांनी मिळूनच डॉक्टरांकडे जावे. एकटीने उपासतापास आणि टोमणे का सोसावेत?